कोरड्या भिंतीतलं बोअर

तिवशाच्या आसपास कुणाची विहीर आटली, की पहिलं नाव निघायचं ते देवमनचं. सुरुंगाचा बार भरावा तर देवमननं, आणि नंतर चहाच्या हॉटेलात त्या बाराच्या गप्पा हाणाव्या, त्याही देवमननंच. उंची बेताची, मिशी मात्र पाटलाला शोभेल अशी. त्याची बायको तानुबाई म्हणायची, "याचं अर्धं आयुष्य जमिनीखाली गेलं, अन् अर्धं हॉटेलात." त्यात फारसं खोटं नव्हतं.

आटलेल्या विहिरीच्या तळाशी उभं राहून कडेच्या खडकात आडवं बोअर मारायचं, हे काम त्या वेळी नवीन होतं. देवमननं हाती फिरवायचं यंत्र आणलं आणि एक नियम धरला. खडक जिथं पाझरतो तिथंच भोक पाडायचं. पाणी दिसतं तिकडं जावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाणी वाढलं तर देवमनची करामत, नाही वाढलं तर मालकाचं नशीब.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात दुर्गाबाईनं त्याला बोलावलं. नवऱ्याच्या मागं वांगी-टमाटे पिकवून या बाईनं संत्र्याची बाग उभी केली होती. यंदा झाडांनी पहिल्यांदा फळ धरलं आणि ऐन चैत्रात विहिरीनं तळ दाखवला. आता पाणी मिळालं नाही तर फळ जाणारच होतं, झाडंही वाळणार होती.

देवमननं पूर्वेच्या ओल्या फटीत बोअर घातलं. खांदे दुखेस्तोवर यंत्र फिरवलं, पण धार करंगळीएवढी होती ती तेवढीच राहिली. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून देवमन कामाआधी नारळ फोडत नसे. मग पाणी कसं लागेल, अशी कुजबुज सुरू झाली. त्याचं टाळकं सरकलं आणि तो विहिरीतून वर आला.

"बाई, आता मोठा बार भरतो. खडक फाटलाच पायजे."

"अन् हाये ते पानीबी फटीतून खाली गेलं त?" दुर्गाबाईनं विचारलं.

गावातल्या भगवंतरावाच्या विहिरीत देवमनच्या हातून नेमकं तसंच झालं होतं. सुरुंगाची दारू जास्त पडली, खडक नको तेवढा उकलला आणि होतं नव्हतं ते पाणी नाल्याकडं निघून गेलं. ती गोष्ट तो हॉटेलात सांगत नसे.

"फटी लय हायेत," तो जरा नरमून म्हणाला. "पर साऱ्या उगवतीकडून मावळतीकडं, एकीच्या बाजूले एक."

दुर्गाबाई वांग्याच्या सरीतलं गवत काढत होती. "अन् तुमचं बोअर कोनीकडं?"

"उगवतीले. ओली फट तिथंच हाये ना."

"म्हंजे एकाच सरीतून चालून राहिले तुमी. जलमभर चालले तरी दुसरी सरी कावून भेटन? आडवे चाला ना."

देवमनला राग आला, आणि बाईचं खरं होतं म्हणून जास्तच आला. वांगी लावणाऱ्या बाईनं त्याला खडक शिकवावा! तणतणत तो खाली उतरला आणि उत्तरेच्या ठणठणीत कोरड्या भिंतीला यंत्र लावलं. शेजारचा खुशालराव वरून डोकावला. "काहो देवमन, वाळल्या दगडाले पानी मागून राहिले काय?"

देवमन यंत्र फिरवत राहिला. आधी नुसती काळी भुकटी पडली. मग तिचा चिखल झाला, एक फट लागली. पुढं दुसरी लागली, मग तिसरी. फटींची तोंडं मोकळी करायला त्यानं बार भरला, पण हात आखडून, अगदी थोड्या दारूचा. धूर निवळला तेव्हा कोरड्या भिंतीतून मनगटाएवढी धार पडत होती. सकाळी विहिरीत पुरुषभर पाणी होतं.

मोट सुरू झाली. एरवी एवढ्यात देवमन मिशीला पीळ देत हॉटेलाकडं निघायचा. आज तो बांधावरच बसून राहिला. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं, फिरलं, तापलेल्या मातीत जिरलं.

"झालं ना आता काम," दुर्गाबाई म्हणाली. "जा घरी. तानुबाई वाट पाहत असन."

"जातो वो बाई, बसू द्या थोडकं. इतक्या विहिरींचं पानी काढलं, पर झाडापाशी पानी पोचतानी कधी पाह्यलंच नाई. मी आपला खालीच."

दुर्गाबाईनं हातातलं फावडं त्याच्यापुढं धरलं.

"मंग दुसऱ्या झाडाचं आळं तुमीच फोडा."