पंपाची नाडी

दोन हजार बावीस साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. भिंगारात माझ्या गॅरेजच्या दारात माझ्याहून थोरली एक बाई चालू इंजिनावर वाकायची, मधली दोन बोटं पेट्रोलच्या पंपावर टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. "बोलू नको मिस्त्री. नाडी बघते."

तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण जुन्या गाडीच्या पंपावर बोट ठेवून बघा कधी. इंजिन फिरलं की एक दांडी हलते, ती आतला पडदा ओढते, सोडते, आणि टाकीतलं पेट्रोल वर येतं. बोटाला टुकटुक लागतं. अगदी मनगटासारखं.

त्या नर्स म्हणून रिटायर झालेल्या. सगळं भिंगार त्यांना सिस्टर म्हणायचं. मीपण. गाडी त्यांच्या भावाची. दोन सीटची, उघडी, बुटकी, विलायती. कोण्या अफसराची बदली झाली तेव्हा भावानं घेतलेली. भाऊ फिटर होता. लग्न दोघांनीही केलं नाही. भाऊ गेला, गाडी राहिली. रविवारी चर्च सुटलं की सिस्टर डोक्याला रुमाल बांधून त्याच गाडीनं चांदबिबीच्या महालाचा चढ चढायच्या. वर बसून पाव-ऑम्लेट खायच्या, थर्मासातला चहा प्यायच्या आणि खाली यायच्या. कुणी विचारलं, एकट्याच का, तर म्हणायच्या, "एकटी कुठं? गाडी आहे की."

माझं सांगायचं तर मी चौथी शिकलो. पण ट्रॅक्टर असो, जीप असो, कुठल्या इंजिनानं मला हात टेकायला लावलेले नाहीत. फुशारकी म्हणा. खरी आहे म्हणून मारतो.

त्या उन्हाळ्यात गाडी चढावरच बंद पडली. सिस्टर भर उन्हात रस्त्याकडेला बसून राहिल्या. एका शेळ्या वळणाऱ्यानं त्यांच्या पर्समधल्या फोनवरून पुण्याला भाच्याला, त्यांच्या बहिणीच्या पोराला, कळवलं. भाचा बिचारा धावत आला. पोरगा चांगला, पण घाबरलेला.

"मावशी, बास झालं आता. गाडी मी नेतो. विकून टाकू."

"आणि चढ चढली तर?"

"चढली तर राहू दे तुझ्यापाशी. मधे बंद पडली, तर टेम्पोत घालून नेणार. रविवारी येतो मी."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस का मिस्त्री?"

मी पंप खोलला. पडदा फाटलेला. आताच्या पेट्रोलात काय काय मिसळतात, जुनं रबर टिकत नाही. मी म्हणालो, "सिस्टर, इजेचा पंप टाकू. दोन वायरी जोडल्या की काम झालं."

"हा माझ्या भावानं बसवलाय. हाच चालला पाहिजे."

"आन् चढावर बसला म्हंजी?"

"तू कशाला आहेस मग?"

मुंबईहून नवा पडदा आणि बुचाची वायसरं मागवली. कुरिअर शनिवारी सकाळी आलं. सिस्टर म्हणाल्या, सगळं घरी नेते, स्वच्छ करून आणते. मी म्हणालो, न्या. मला काय माहीत, नर्सचं स्वच्छ म्हणजे काय!

दुपारी त्या येईनात म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो. दारातच जळका वास. गॅसवर सुया उकळायचं त्यांचं जुनं पातेलं. पंपाचे सुटे भाग, नवा पडदा, वायसरं, सगळं त्यांनी त्यात उकळायला टाकलेलं. तेवढ्यात शेजारची बाई बीपी तपासायला आली, गप्पा लागल्या, पाणी आटलं. लोखंडाला काही झालं नाही. पडद्याचा मात्र जळका पापड झालेला.

"ओ सिस्टर! रबर उकळतं व्हय कुनी?"

"उकळल्याशिवाय मी आजपर्यंत काही आत घातलं नाही," त्या ठासून म्हणाल्या.

मी तोंडाला येईल ते बोललो आणि चपला घालून निघून आलो. त्याचा पस्तावा अजून नाही. रविवार उद्यावर, आणि पडद्याचा पापड!

तासाभरात त्या गॅरेजवर आल्या. काखेत तांबड्या रबरी कापडाची गुंडाळी. पेशंटच्या चादरीखाली घालतात ते. हातात मोठी कात्री.

"ह्याचा पडदा होईल?"

मी ओढून बघितलं. आत कापड, वर रबर. "हुईल. पर पेट्रोल खाईल ह्याला. फार न्हाई टिकायचं."

"आपल्याला चढ एकदाच चढायचाय."

मी म्हणालो, "उकळलंय का?"

"उकळलंय," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघंही इतकं हसलो की समोरचा चहावाला बघत राहिला.

मापाला जुना फाटका पडदा वर ठेवून त्यांनीच कापलं. टाके घालणारा हात, कात्री कुठं वाकडी गेली नाही. पंप जोडायचं काम एकट्याचं नाही. एकानं दांडी पूर्ण दाबून धरायची, मग दुसऱ्यानं स्क्रू आवळायचे. नाहीतर पडद्याला हलायला जागा राहत नाही, लगेच फाटतो. सिस्टरनी न सांगता दांडी धरली. भावापाशी हेच काम होतं त्यांचं.

रविवारी त्या चालवायला, मी शेजारी, भाचा मागं त्याच्या गाडीत. निम्मा चढ मजेत गेला. शेवटच्या वळणावर इंजिन अडखळलं. पेट्रोलचा वास आला. मी समजलो, कापड फुगलं. सिस्टरनी गिअर खाली घेतला आणि गाडीला म्हणाल्या, "घाबरायचं नाही. श्वास घे. झालंच आता." ऑपरेशनला नेताना पेशंटशी बोलतात तसं.

गाडी खोकत खोकत महालापाशी पोचली.

पंपातून पेट्रोल टपटप खाली गळत होतं. भाच्याला दिसू नये म्हणून मी झटकन आडवा उभा राहिलो. भाच्यानं मावशीला मिठी मारली. "जिंकलीस मावशी. ठेव तुझी गाडी." तो पुढं निघून गेल्यावर आम्ही इंजिन न लावता नुसत्या उतारानं खाली आलो. सिस्टर सबंध वाट पोरीसारख्या हसत होत्या.

पुढं मुंबईहून दुसरा पडदा आला. तो मी त्यांच्या हातात दिलाच नाही. दांडी तेवढी धरू दिली.

दोन वर्षं त्या प्रत्येक रविवारी चढल्या. मग एका हिवाळ्यात झोपेतच गेल्या. माती झाली, पाहुणे पांगले, आणि भाचा गॅरेजवर आला.

"मिस्त्रीमामा, गाडी पुण्याला चालवत नेतो. विकायची नाही आता. पण तो पंप काढा, विजेचा टाका. वाटेत नको काही."

"म्या न्हाई टाकत."

"मग पुण्यात टाकून घेईन."

"घे."

तो गेला. मीपण शटर ओढलं. माझंच खरं करायची माझी खोड जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरच्या घरी गेलो. भाचा बॅग गाडीत ठेवत होता. मी बॉनेट उघडलं, पंपाची खालची छोटी दांडी हातानं हलवून पेट्रोल वर घेतलं आणि म्हणालो, "लाव."

इंजिन लागलं. मी त्याला खाली उतरवलं, त्याचा हात धरला आणि त्याची दोन बोटं पंपावर टेकवली. तो काहीतरी बोलायला गेला.

"बोलू नको," मी म्हणालो.