गाठ गेली, भावकी राहिली

माझी थोरली जाऊ द्वारकाबाई. हळदीतलं तिला जेवढं कळतं तेवढं आमच्या डोंगरकडा गावात कुणाला कळत नाही. कढईत हळद शिजत असली की आमच्या घरचे सगळे पुरुष भोवती उभे राहून मतं देतात. बाई कढईतलं एक हळकुंड उचलते, काडी टोचते आणि म्हणते, "काढा." मग काढतात. मतं तशीच उभी राहतात.

एवढी शहाणी बाई, पण दिवसातून चारदा मिसरी लावायची. चौऱ्याहत्तर साली तिच्या उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली आणि दिवाळीपर्यंत ती लिंबाएवढी झाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली. मी सातवी पास, पाट्या वाचता येतील म्हणून मला सोबत घेतलं. तिथल्या पाट्या उर्दूत, तेलुगूत आणि इंग्रजीत होत्या. मी सगळ्या नीट पाहिल्या.

थोरले दीर व्यंकटराव आठ दिवस थांबले आणि परत निघाले. म्हणाले, "हळद शिजवायची राहिली." जिला शिजवता येते ती इथं खाटेवर पडलेली, आणि हे शिजवायला चालले. त्या वर्षी निम्मी हळद कच्ची निघाली, हे वेगळं सांगायला नको.

दवाखान्यात किरणांनी गाठ जाळायचं कोबाल्टचं यंत्र होतं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. बाईच्या गळ्यावर जांभळ्या शाईनं चौकोन काढला, धुवायचा नाही म्हणून बजावलं. तिला टेबलावर झोपवायचे, यंत्र त्या चौकोनावर रोखायचे आणि सगळे खोलीबाहेर निघून जाड दार लावून घ्यायचे. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर बाई मला म्हणाली, "जिवने, सगळे पळून जातेत अन् मला म्हंतेत घाबरू नको."

तीस शेक झाले. तोंड सोललं, थुंकी आटली, कातडी तव्याच्या बुडासारखी काळी पडली. पण गाठ विरली. गावाकडे आलो तेव्हा व्यंकटराव चारचौघांत सांगत होते, "आमी घेऊन गेलो म्हणून वाचली." मी नागनाथाला पाच सोमवार बोलले होते, ते गुपचूप फेडून टाकले. श्रेय घेणारे पुष्कळ होते, देवाला तेवढी घाई नसते.

शहात्तर सालच्या संक्रांतीच्या सुमाराला जबड्याखालची तीच जागा कडक लागायला लागली. तोंडही पुरतं उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ आली. ही बातमी पुसेगावला आमची नणंद शकुबाई हिच्या कानावर गेली. ती लगेच आली, गालात मिसरी धरूनच. तिनं बाईच्या गळ्यावर चार बोटं ठेवली, दाबली आणि आम्हा सगळ्यांकडे बघून मान हलवली.

"गाठ परत आली, वहिनी. आता दिवाळी काही दिसत न्हाई."

"कोणती दिवाळी?" बाईनं दातांच्या फटीतून विचारलं. "तुमची का माझी?"

शकुबाईनं ऐकलंच नाही. ती ओसरीवर गेली. तिथं भावाबहिणीचं बोलणं झालं, ते मी पाणी न्यायच्या निमित्तानं ऐकलं. आखाडा बाळापूरला एक पोरगी आहे म्हणे. गरीब घरची आहे, वय वाढलेलं आहे, कामाला वाघीण आहे. बाईला दोन मुलीच, हेही मध्ये आलं. दुसऱ्या लग्नाला सरकारचा कायदा आडवा येतो, पण आमच्या ओसरीवर कायद्याला कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

व्यंकटराव म्हणाले, "माझं काही न्हाई. मला काय करायचं हाय? घराला माणूस पाहिजे."

घर बिचारं काही बोललं नाही.

बाईनं हे सगळं ऐकलं आणि मला एवढंच म्हणाली, "जिवने, पिशवी भर. हैदराबादला जाऊ. मरायचं असंल तर डॉक्टरच्या तोंडून ऐकून मरंन, शकूच्या बोटावरून न्हाई."

आम्ही दोघीच गेलो. डॉक्टर तेच, पिकल्या मिशांचे, हैदराबादी बोलीचे. त्यांनी सुईनं बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. चार दिवस आम्ही धर्मशाळेत काढले. मी जप केला, बाईनं शेजारणींना हळद निवडायला शिकवलं. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गठान नहीं है, अम्मा. गठान तो जल गई. बाजू का गोश्त सख्त हो गया."

"काहून?" बाईनं विचारलं.

मग त्यांनी सावकाश समजावलं. गाठ कधी एकटी नसते. तिच्या भोवती साधं मांस असतं, ते तिला धरून ठेवतं, तिच्यापर्यंत रक्त पोचवतं. शेक दिला की गाठ जळते, पण भोवतालच्या मांसालाही तो लागतोच. ते मरत नाही. ते राठ होतं, आक्रसतं, आणि हे शेक संपल्यावर कितीतरी महिन्यांनी दिसतं. जबडा त्यामुळेच आवळला.

बाईनं गळ्यावरच्या कडक जागेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी गाठ गेली अन् भावकी राहिली व्हय?"

डॉक्टरांना भावकी कळेना. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "रिश्तेदार. गठान के." ते एवढे हसले की नर्स आत डोकावली.

त्यांनी एक पांढरा दोरा घेतला. कडक जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मापला आणि दोन्हीकडे गाठी मारल्या. म्हणाले, दर आठवड्याला मापायचं. तेवढंच राहिलं तर भोवतालचं मांस, घाबरायचं नाही. वाढायला लागलं तर लगेच यायचं. शिवाय जबड्यासाठी लाकडी पाचर दिली, रोज दातांत धरायला.

दोरा बाईनं कुंकवाच्या करंड्यात ठेवला. दर सोमवारी आंघोळ करून, देवाला दिवा लावून ती माझ्यापुढं बसायची. मी मापायचे.  दहा सोमवार दोरा बराबर तेवढाच भरला.

शकुबाईचं माप मात्र वेगळं होतं. ती पंधरा दिवसांनी येऊन बोटं ठेवायची. "मागच्या टायमाला चार बोटं व्हतं, आता साडेचार."

"तुमची बोटं बारीक झाली असतीन," बाई म्हणायची. "माझी काळजी करून करून."

वैशाखातल्या एका सोमवारी पाहुणे आले. बाळापूरच्या पोरीची मावशी जनकाबाई, सोबत दोन माणसं. व्यंकटरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. आम्हाला सांगितलं, "हळदीचे गिऱ्हाईक हायेत." चहा ठेवला. बाई स्वतः घेऊन गेली. जनकाबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"तुमी कोण?"

"जिची जागा खाली होऊन राहिली ती."

जनकाबाईनं शकुबाईकडं बघितलं. शकुबाई घाईघाईनं म्हणाली, "जनकाबाई, तिचं काही खरं न्हाई. गाठ परत आली, हात लावून बघा, दगड हाय."

बाईनं कोपऱ्यातल्या पोत्यातून वाळलेलं हळकुंड काढून जनकाबाईच्या हातात ठेवलं. "हे बी दगड हाय. फोडा."

तिनं मोडलं. कडकन आवाज आला.

"कढईत व्हतं तवा मऊ मेणावानी व्हतं. शिजून वाळलं, म्हणून असं झालं. ह्याच्यात कोंब फुटंल का आता?"

"कसा फुटंल? शिजलेलं हाय ना."

"तसं माझ्या गळ्याचं हाय." बाईनं करंड्यातला दोरा काढून तिच्या हातात दिला, मान वर केली. "डॉक्टरचं माप हाय. तेवढंच भरलं तर गाठ न्हाई. लावा."

जनकाबाईनं दोरा लावला. दोऱ्याच्या दोन्ही गाठी कडक जागेच्या दोन्ही टोकांवर बराबर बसल्या.  व्यंकटराव छपराकडं बघत होते, जणू तिथं गळती लागली होती.

जनकाबाईनं दोरा परत दिला आणि पदर सावरून उठली. "बाई दिवाळीपतूर जाईल म्हणून सांगितलं व्हतं आमाला. मी पोरीला रिकाम्या घरात देऊन राहिले व्हते. जित्त्या बाईच्या उरावर न्हाई." माणसांना म्हणाली, "चला."

चहा न पिता गेली. शकुबाईलाही पुसेगावची मोटार चुकायची आठवण झाली.

व्यंकटरावांनी धुतलेलं धोतर सावरलं. मग म्हणाले, "मला बी वाटतच व्हतं, ती गाठ न्हाई म्हणून."

"व्हय," बाई म्हणाली. "चहा घ्या. चार कप उरलेत, सगळे तुमालाच प्यायचेत."

ते प्यायले. चारही.

दुसऱ्या कपानंतर त्यांनी हळूच विचारलं, "मंग आता तो दोरा टाकून द्यायचा का?"

बाईनं दोरा गुंडाळून करंड्यात ठेवला, झाकण लावलं. "राहू द्या. डॉक्टरनं सांगितलंय, गाठ जळली तरी भोवतालच्यावर ध्यान ठेवायचं. वाढाया लागलं की लगेच दाखवायचं." आणि पाचर दातांत धरून ती हळद निवडायला बसली.