हाडाजवळची आच

पौषातल्या गारठलेल्या सकाळी कोळशाचा वास वर चढत नाही. तो अंगणातच रेंगाळतो, भिंतींना, दोरीवरच्या ओल्या लुगड्यांना, माणसांच्या केसांना बिलगून राहतो. गेल्या हिवाळ्यात आसेगावला, माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात, तो वास मी इतका घेतला की वाशीमला घरी परतल्यावरही पदराशी नाक नेलं की तो यायचा. पेटत्या कोळशाकडे तुम्ही कधी निरखून पाहिलं आहे? वर राखेचं मऊ, करडं पांघरूण. पाहणाऱ्याला वाटावं, विझलं सारं. आणि आत मात्र निखारा तसाच धुमसत असतो! बाहेरून आतल्या आचेचा अंदाज कुणी करावा, आणि कसा?

दादाला तो अंदाज होता. अवघं आयुष्य त्यानं पुण्यातल्या एका हॉटेलात भाजणारा आचारी म्हणून काढलं. तळहात निखाऱ्यांवर क्षणभर धरायचा आणि सांगायचा, आत्ता वांगी टाका, आत्ता कोंबडी, आत्ता नुसतं थांबा. निवृत्त होऊन गावी परतला तेव्हा हॉटेलमालकानं त्याला एक भट्टी भेट दिली: चिनीमातीची, जाडजूड भिंतींची, अंड्याच्या आकाराची, वर बिजागरीचं भलं मोठं झाकण असलेली. खाली वारा आत घ्यायला झडप, माथ्यावर धूर सोडायला दुसरी, आणि झाकणावर उष्णता दाखवणारी काट्याची गोल तबकडी. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, रांजण. आणि वहिनी हसून म्हणाली होती, "सवत आणली ह्यांनी पुण्याहून!"

पण गावी आल्यावर दोनच वर्षांत साखरेच्या आजारानं दादाची बोटं बधिर झाली. आधी तळपाय, मग हात. एकदा तापलेल्या जाळीवर त्याचा तळवा टेकला आणि त्याला कळलंच नाही. कातडी करपल्याचा वास आला तो वहिनीला. ती धावत आली, हात ओढून घेतला, आणि तो मात्र आपल्याच तळव्याकडे परक्या वस्तूकडे पाहावं तसा पाहत राहिला. ज्याची सारी विद्या तळहातात साठलेली, त्याचा तळहातच मुका व्हावा, याहून मूक दुःख कोणतं? त्या दिवसापासून रांजणावर गोणपाट पडलं.

ते निघालं वहिनीच्या आजारपणात. तिच्या रक्तात कर्करोग निघाला. अकोल्याला उपचार सुरू झाले, आणि त्या औषधांनी तिची अन्नावरची वासनाच उडाली. भाकरी नको, वरण नको, दूध तर नकोच. एका सकाळी मात्र ओसरीवरच्या खाटेवरून ती म्हणाली, "अवं, रांजणात भाजलेली कोंबडी खावी वाटून राह्यली." डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, अंगात रोगाशी झुंजायची ताकद उरलेली नाही, अर्धंकच्चं काहीही पोटात जाता कामा नये, कच्चट मांस तर मुळीच नाही. दादानं माझ्याकडे पाहिलं. आनंद आणि भय एकाच चेहऱ्यावर इतकं शेजारी शेजारी मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो झाकणावरच्या काट्याच्या भरवशावर राहिला. काटा चांगला वर चढला होता, कोंबडी सोन्यासारखी तांबूस झाली होती, वास तर असा की खाटेवर वहिनी उठून बसली. ताट वाढण्याआधी दादानं सुरीनं तंगडीचा जोड उकलला. हाडाजवळ मांस गुलाबी होतं, कच्चं. सुरी हातात तशीच धरून तो माझ्याकडे वळला.

"शोभा, हे तिले देल्लं असतं तं?"

मी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. त्या दिवशी वहिनीनं पेज घेतली, तीही आमच्या समाधानासाठी.

झाकणावरचा काटा खोटा नव्हता; तो झाकणाखालच्या हवेची गोष्ट सांगत होता, मांसाच्या गाभ्याची नव्हे. वरवरचंच सांगणारे असे किती काटे आपण माणसंही चेहऱ्यावर मिरवतो! मग मी सळईचा तापमापक मागवला, टोक मांसात खुपसायचं आणि आकडा बाहेर वाचायचा, तसला. दादानं आधी त्याचीच परीक्षा घेतली. बर्फाच्या पाण्यात त्यानं शून्य दाखवलं, खळखळ उकळत्या पाण्यात शंभराच्या किंचित खाली. आमचा भाग समुद्रापासून उंच, इथं पाणी जरा आधीच उकळतं, हे दादाला ठाऊक होतं. "खरं बोलते हे," तो म्हणाला, आणि त्या सळईला त्यानं पुसून कपड्यात गुंडाळून ठेवलं.

त्यानंतर त्याचं भाजणं म्हणजे एक व्रतच झालं. ती चिनीमाती एकदा जास्त तापली की लवकर निवत नाही, म्हणून खालची झडप तो नखाएवढीच उघडी ठेवी आणि उष्णता हळूहळू चढू देई. सारखं झाकण उघडायचं नाही. उघडलं की धग जाते. शेवटी सळई तंगडीच्या सर्वांत जाड भागात, पण हाडाला न टेकवता. हाड टेकलं की आकडा फसवतो. मग छातीच्या मांसात, मग पुन्हा दुसऱ्या तंगडीत. सगळीकडे पाऊणशे अंश भरल्याखेरीज तो खाली उतरवायचा नाही. डोळ्यांवर चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. वाटे, तो मांसाचं नव्हे, कुणाच्या श्वासाचं माप घेतोय.

"आकडे पाहून पाहून डोये जातीन तुमचे," वहिनी खाटेवरून म्हणायची.

"जाऊ दे. तू खाय."

आणि ती खायची. दोन घास, कधी चार. त्या घासांनी घराला केवढा उजेड आला होता! मी दर आठवड्याला एसटीनं जायचे आणि प्रत्येक वेळी मनाची समजूत घालायचे की गालांवर जरा मांस चढलंय. आशा ही बाई किती सहज खोटं बोलते!

माघ लागला आणि वहिनीचं गिळणं बंद झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. शिवारात हरभरा घाटे धरत होता, लोक कामाला जात होते, आणि आमच्या अंगणात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका दुपारी तिनं दादाला खुणेनं जवळ बोलावलं.

"भाजा ना आज. खानं नाई होत. वास तं येऊ द्या."

दादानं रांजण पेटवला. तीच नखाएवढी झडप, तीच सळई, तेच तीन ठिकाणी मोजणं. एकदा आकडा थोडा कमी भरला तसं त्यानं झाकण पुन्हा लावलं. माझ्यानं राहवलं नाही.

"दादा, कोणी खानार नाई. काहून एवढं मोजून राह्यला?"

त्यानं वर पाहिलं नाही. "तिच्यासाठी भाजून राह्यलो ना. मंग कच्चं कसं ठेवू?"

पाऊणशे भरल्यावर त्यानं ताट तिच्या उशाशी आणलं. वाफ तिच्या चेहऱ्यावर गेली, तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. दादानं एक तुकडा बोटांत धरून तिच्या नाकाजवळ नेला. तिनं डोळे उघडले, आणि तुकड्याकडे नव्हे, त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"ठेवा खाली. पोयून राह्यले तुमी."

तुकडा ताटात पडला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी ओठांशी नेला आणि त्या लालबुंद, बधिर बोटांवर हळूहळू फुंकर घातली. एकदा, मग दम खाऊन पुन्हा एकदा. पाण्याचा घोट उतरत नव्हता त्या गळ्यातून एवढा वारा कुठून आला असेल?

"थंड वाटते?" तिनं विचारलं.

"हो," दादा म्हणाला. "थंड वाटून राह्यलं."

त्याच आठवड्यात वहिनी गेली. दादा आता माझ्याकडे वाशीमला असतो, संध्याकाळी हात मांडीवर उताणे ठेवून बसतो. त्या दुपारी त्याला खरोखर काही जाणवलं होतं की ते तिच्यासाठी म्हटलेलं होतं, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.