मणीची नवसाची गाठ

कुंभकोणात महामखम तळ्याच्या पायऱ्यांशी ओलं गोणपाट अंथरून विड्याची पानं विकणाऱ्या सुंदरीबाईच्या जिभेला हाड नाही, असं सगळा बाजार म्हणे. म्हणे तो तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाला होती? घरात ती आपली जुनी मराठी बोले, तंजावरच्या राजांबरोबर आली तशीच. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. भांडायला तिला दोन्ही चालत.

नवरा एकोजी. नाव राजाचं, काळीज सशाचं. लग्नाच्या बँडात तो क्लॅरिनेट असा वाजवी की नवरामुलगा मागे वळून बघे, पण घरी आला की त्याचा आवाज म्हणून निघत नसे.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दोघांना मणी झाली. बाळंतपण अवघड, पोर निळी पडलेली. तेव्हा एकोजीची थोरली बहीण वत्सला पदर पसरून बोलून गेली, "आई तुळजाभवानी, पोर जगू दे. तिचं जावळ तुझ्याच पायरीशी उतरवू." पोर जगली. हळदीत भिजवलेल्या दोऱ्याने तिच्या टाळूवर केसांची गाठ बांधली आणि ती देवीपुढेच सोडायची असं ठरलं. आता कुंभकोण कुठे, तुळजापूर कुठे. गाडी कुठे बदलायची, स्टेशनाच्या पाटीवर काय लिहिलंय, हे वाचणारं घरात कुणी नव्हतं. जाऊ जाऊ म्हणता वर्षं गेली आणि मणीच्या डोक्यावरची गाठ केसांत केस गुंतून नारळाएवढी झाली. न्हाऊ घालताना सुंदरी तिच्यावरूनच तेल थापी.

पंचावन्न सालच्या जूनमध्ये तिने मणीला शाळेत नेलं. मणीचा जन्म आजोळी, जवळच्याच पट्टीश्वरम्‌ला. नोंद कुठेच नाही. अशा पोरांचं वय ठरवायची तिकडे एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला बोट लावायचं. लागलं तर पोर पाच वर्षांचं झालं, नाही लागलं तर घरी. मणीने हात नेला. बोटं कानाच्या वर नुसती वळवळत राहिली.

"पुढच्या वर्षी आणा," हेडमास्तर चंद्रमौली म्हणाले आणि पुढच्या पोराला हाक मारली.

सुंदरीच्या अंगाची लाही लाही झाली. हे 'पुढच्या वर्षी' तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी बापाचं बोट धरून ती अशाच दारात उभी राहिली होती, पुढच्या वर्षी ऐकून परतली होती, पुन्हा गेली होती, पुन्हा परतली होती, आणि मग एका वर्षी शाळेऐवजी मांडव आला. आजही कुठे सही मागितली की ती अंगठा पुढे करी, आणि तो पुसताना तिला दरवेळी राग येई.

मणीच्या बाबतीत तर वर्षाचीही मुदत नव्हती. वत्सलाच्या सुनेला बाळ झालं होतं. वत्सलाने आपल्या गावाहून, तिरुनागेश्वरम्‌हून निरोप धाडला होता, "शाळेत घेतलं नाही तर पोर घरी बसून काय करणार? शुक्रवारी येऊन घेऊन जाते, पाळणा हलवील." एकोजीने मान डोलावली होती. एकदा पाळण्याच्या दोरीला लागलेली पोर शाळेच्या दारात परत येत नाही, हे सुंदरीला कुणी सांगायला नको होतं.

"सार," ती हेडमास्तरांना म्हणाली, "शेजारची अलमेलू माझ्या मणीहून धाकटी. तिच्या बारशाला मी मणीला कडेवर घेऊन गेले होते. तिला घेतलीत, मग हिलाच का नाही?"

"तिचा हात पोचला. नियम म्हणजे नियम. पटत नसेल तर वरती जा."

ब्याद टळावी म्हणून ते तसं बोलले. पण सुंदरी खरंच वरती गेली.

शाळा तपासनीस कृष्णमूर्ती यांच्या कचेरीत शिपायाने तिला आत सोडलं नाही. ती पानांची टोपली घेऊन पायरीवरच बसली, अगदी मधोमध. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालावा लागे आणि प्रत्येकाला ती आपली हकिकत पहिल्यापासून ऐकवी. दुपारी जेवून साहेब बाहेर आले, टोपली पाहून त्यांनी हात पुढे केला.

"पान मागाहून," सुंदरी म्हणाली. "आधी माझं ऐका."

माणूस पुस्तकी होता, पण वाईट नव्हता. त्याने ऐकून घेतलं. "बाई, दाखला नसेल तर हीच परीक्षा. शुक्रवारी मी त्या शाळेत येणार आहे. माझ्यासमोर पुन्हा घेऊ. हात नाही पोचला तर मात्र वाद घालायचा नाही."

"आणि पोचला तर तुम्ही घालायचा नाही," सुंदरी म्हणाली, आणि मग पान दिलं.

घरी एकोजी कपाळाला हात लावून बसला. "अगं, शुक्रवारपर्यंत पोरीचा हात काय वाढणार आहे? नशिबात नाही तिच्या."

"नशीब तुमच्या क्लॅरिनेटात घाला आणि फुंका," सुंदरी म्हणाली. पण आतून तिलाही धाकधूक होती. गल्ली तर शहाण्यांनी भरलेली. कुणी म्हणे हाताला एरंडेल चोळ, कुणी म्हणे पोरीला खिडकीच्या गजाला लोंबकळव. सुंदरीने चोळलं, लोंबकळवलंही. मणीला तो खेळच वाटला.

गुरुवारी संध्याकाळी पोरी दारात शाळा-शाळा खेळत होत्या. अलमेलू हेडमास्तर झाली होती. शाळेत नाव घालण्याआधीच तिरुपतीला केस देऊन आलेली, डोकं गुळगुळीत. तिने हात डोक्यावरून नेला तो सरळ कानावर. मणीचा हात मात्र आधी गाठीवर चढला आणि तिथेच संपला.

सुंदरीच्या हातातली पानं खाली पडली. म्हणजे हात तोकडा नव्हता. इतके दिवस ती साऱ्या गावाशी भांडत होती आणि आडवी येत होती तिनेच तेल पाजून वाढवलेली गाठ.

"गाठ उतरवायची," ती एकोजीला म्हणाली.

एकोजी पांढरा पडला. "देवीचा नवस आहे तो. पोरीला काही झालं तर? वत्सलाअक्का काय म्हणेल?"

अक्काचं सुंदरीला काही वाटत नव्हतं. देवीची मात्र भीती वाटत होती, खरीखुरी. ते निळं पडलेलं बाळ ती विसरली नव्हती. मणीला मांडीवर घेऊन ती बराच वेळ तो विटलेला दोरा चाचपत बसली.

"आपली माणसं घोड्यावर बसून इतक्या लांब आली," शेवटी ती म्हणाली, "तेव्हा देवी काय वाटेत थांबली? ती पण आली. पट्टीश्वरम्‌ची दुर्गा दुसरी कोण आहे? आणि कोप व्हायचाच असेल तर माझ्यावर होऊ दे. मी बघून घेईन."

शुक्रवारी उजाडताच ती मणीला घेऊन पट्टीश्वरम्‌ला गेली. देवळाबाहेर न्हाव्याने वस्तरा चालवला, गाठ दोऱ्यासकट तिच्या पदरात पडली. देवीपुढे तिने कान धरले नाहीत की नाक घासलं नाही. फक्त म्हणाली, "आई, एवढं समजून घे." मग मणीच्या डोक्याला चंदन थापलं आणि थेट शाळा गाठली. कृष्णमूर्ती आधीच येऊन बसले होते.

मणीने हात नेला. बोटच काय, अख्खा तळवा कानावर बसला.

"हे चालायचं नाही," हेडमास्तर म्हणाले. "मुद्दाम केस काढून आणलीय."

"सार, तुम्ही वय मोजता की केस?" सुंदरीने पहिल्या रांगेतल्या अलमेलूकडे बोट दाखवलं. "त्या डोक्यावर किती होते? तिरुपतीचं चालतं, मग पट्टीश्वरम्‌चं का नाही?"

कृष्णमूर्तींनी एकदा अलमेलूकडे पाहिलं, एकदा मणीकडे, आणि ओठांवरचं हसू रुमालाने पुसलं. "नाव लिहून घ्या," ते म्हणाले.

"ठीक. सोमवारपासून पाठवा," हेडमास्तर म्हणाले.

"सोमवार नाही, आजच," सुंदरी म्हणाली आणि मणी अलमेलूशेजारी बसेपर्यंत दारातून हलली नाही.

घरी बैलगाडी उभी होती. वत्सला ओट्यावर बसली होती आणि एकोजीने तिला सगळं सांगून टाकलं होतं. "माझा नवस मोडलास," ती म्हणाली. "कुठे टाकलेस केस?"

"टाकीन कशाला?" सुंदरीने पदराची पुरचुंडी सोडून तिच्यापुढे धरली. "वन्सं, नवस बोललात तुम्ही आणि गाठ वाढली माझ्या पोरीच्या डोक्यावर. आपल्यातलं कुणी तुळजापूरला गेलं नाही ते का? पाटी वाचता येत नाही म्हणून. आता मणी वाचील. तीच हे केस घेऊन जाईल, आणि आपल्यालाही नेईल. तोवर पाळणा तुम्ही हलवा."

वत्सला त्या केसांकडे आणि पिवळ्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"मलाही नेईल म्हणतेस?" तिने हळूच विचारलं.

"तुम्हाला आधी," सुंदरी म्हणाली. "नवस तुमचा आहे."