गयाकखाली काय उगवतं

आमच्या डोंगरातलं निकेल काढून झालं की खाणवाल्यांनी तो पुन्हा हिरवा करून द्यायचा, असा करार आहे. हिरवा झाला की नाही, हे बघायला वस्तीतल्या बायकांची तुकडी नेमलीय आणि तिची म्होरकी युफ्राझी नेकारे. तिच्या सहीशिवाय उतार ‘पूर्ण’ ठरत नाही. ठरला की खाण हात झटकून मोकळी. मग ओढ्यात लाल चिखल उतरला तर बोंबलायचं आम्हीच.

युफ्राझी रुंद हाडाची. फुलाफुलांचा झगा कमरेला खोचून अशी चढते की मागच्यांना धाप लागावी. खांद्यावर प्लॅस्टिकच्या नळ्यांची मीटरभर चौकट. ती जमिनीवर टाकायची आणि आत उगवलेल्या प्रत्येक रोपाला हात लावून त्याचं नाव सांगायचं. युफ्राझी चौकट पाठमोरी फेकते. “बघून टाकली की हात हिरव्याकडेच वळतो,” म्हणते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन झुडपांची नावं उलटसुलट केली, तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, “तू आपली खाणीविरुद्धच्या मोर्चात ओरड, बाई. तिथे झाडं नसतात.”

ज्या उतारावरून सगळं पेटलं, तिथली लागवड फिर्मांची. हा युफ्राझीच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. खाणीकडून झाडं लावायचं कंत्राट त्याने घेतलं होतं. त्याने सगळीकडे गयाकच लावला. गयाक आमच्याच बेटाचा, पण खालच्या टेकड्यांवरचा. कुंपणाला खांब हवेत तर त्याच्यासारखं लाकूड नाही. वर डोंगरमाथ्यावर तो कधीच नव्हता. पण भराभर वाढतो, दाट होतो, रस्त्यावरून बघणाऱ्याला रान झाल्यासारखं वाटतं. आम्ही आत शिरलो तर चौकटीत नुसता पाचोळा. पुन्हा फेकली, पुन्हा पाचोळा. शेजारच्या न खणलेल्या सोंडेवर तीच चौकट टाकली, तर नावं घेता घेता तोंड दुखलं.

“नाही,” युफ्राझी म्हणाली, आणि डोंगर उतरली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर फिर्मां तिच्या अंगणात आला. सोबत वस्तीचे वडीलधारे, तेइनमामा. फिर्मांने चटईवर रंगीत कापड मांडलं, त्यावर तंबाखू, हजार फ्रँकची नोट, आणि उभं राहून बोलायला लागला. आमच्यात असं कापड उचललं म्हणजे समोरच्याचा शब्द उचलला. न उचललेलं कापड तोवर मी पाहिलं नव्हतं.

“वहिनी, वस्तीतली पोरं माझ्याकडे कामाला आहेत. ही सही झाली की पुढच्या उताराचं काम मिळतं.”

“मग काम नीट करा.”

“झाडंच लावली ना? गयाक काय मी परदेशातून आणला?”

“गयाक आपलाच, भावजी. तुमची सासूपण आपलीच. म्हणून तिला अंथरुणात मधोमध झोपवता का?”

कुंपणाबाहेरच्या बायका फिसकन हसल्या. फिर्मांचे कान तापले. तेइनमामा मात्र हसले नाहीत.

“युफ्राझी, कापड जमिनीवर आहे.”

“दिसतंय, मामा.” तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. “माणूस दारात आला तर कापड ठेवतो आणि वाट मागतो. भावजींनी गयाक वर चढवला तेव्हा डोंगराला विचारलं होतं? तिथे नाही ठेवलं, आणि माझं तोंड बांधायला बरं कापड सापडलं!”

“तू आमच्या घराण्याचा अपमान करतेयस!” फिर्मां ओरडला.

“तुमच्याच घराण्यात नांदते मी. थुंकी माझ्याही तोंडावर उडतेय. तरी नाही.”

कापड चटईवरच राहिलं. तिचा नवरा बाझील दारात उभा होता. तो सरळ भावाच्या घराकडे चालायला लागला. शेवटी फिर्मांने वाकून आपलंच कापड गोळा केलं. खरं सांगते, मला त्याची दया आली नाही.

याची किंमत युफ्राझीने मोजली. बाझील भावाकडेच राहिला. रताळ्याच्या वाफ्यात ती एकटी वाकायची. पुतणीच्या लग्नाचं आवतण सगळ्या वस्तीला गेलं, तिचं दार सोडून. आम्हाला डोंगरावर नेणारी गाडी खाणीने बंद केली, तर ती पहाटे निघून पायी चढायला लागली. मीही गेले. शिव्या घालत गेले, पण गेले.

सही मिळेना तेव्हा खाणीने फिर्मांचे पैसे अडवले, आणि तो नरमला. गयाकमध्ये रुंद पट्टे तोडले. मग एक दिवस रिकाम्या हाताने आला.

“वहिनी, बी कुठलं घेऊ?”

“शेजारच्या सोंडेचं. आणि पिकू द्या आधी. घाई करून कच्चं ओरबाडू नका.”

बाझील त्याच आठवड्यात घरी परतला. कुठे होतास, असं तिने विचारलं नाही. फक्त म्हणाली, “रताळी खणायची राहिलीत.”

बी पेरल्याला दोन पावसाळे झाले, तेव्हा परवा आम्ही पट्ट्यांतून मोजणी केली. कुठे लव्हाळ्यासारखं गवत धरलंय, कुठे सोंडेवरची खुरटी झुडपं डोकं काढतायत. पण अर्ध्याअधिक चौकटींत अजून उघडी लाल माती. फिर्मां तिथेच घुटमळत होता.

“आता तरी?”

“अपूर्ण,” युफ्राझी म्हणाली.

“अगं, तू मरेस्तोवर ही सही व्हायची नाही!”

“मी मेले तर हिच्याकडे या.” तिने अंगठा माझ्याकडे केला. “हिला झाडं उशिरा कळली, पण डोकं माझ्याहून गरम आहे.”

फिर्मांने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणून.