खुराकाचा पेला

आमच्या तालमीचं दार इतकं बुटकं होतं, की आत शिरताना प्रत्येकाला मान खाली घालावीच लागे. मातीला आपोआप नमस्कार घडावा म्हणून ते तसं ठेवलंय, असं वस्ताद सांगत. मला मात्र सतराव्या वर्षी ते उंदराच्या सापळ्याचं तोंड वाटायचं. आत जायला वाट, बाहेर यायला नाही. खिडकी म्हणाल तर आढ्याजवळ हातभर झरोका, तोही काजळीनं काळा झालेला. त्यातून उजेड यायचा तो गिरणीचा दुसरा भोंगा झाल्यावर. तोवर आमचे जोर संपून बैठका सुरू झालेल्या असत.

ही तीस सालाच्या आधीची गोष्ट. वडील मोहोळकडचं गाव सोडून सोलापुरात आले ते गिरणीत, साच्यावर, म्हणजे मागावर. गावाकडे त्यांनी कुस्त्या केल्या होत्या. एका फडात गुडघा गेला आणि पैलवानकी तिथंच राहिली. राहिलेली ती माझ्याकडून पुरी करून घ्यायची, असं त्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं. घरात दोन खोल्या, आई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान बहीण. दाराशी एक म्हैस. "म्हैस हिच्यासाठी नाही, त्याच्यासाठी आणलीय," हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं, की म्हशीलाही ते पाठ झालं असावं.

आताची पोरं तालमीत येतात ती पायात बूट घालून. शिकवणारा त्यांना सांगतो, आठवड्यातून एक दिवस अंगाला विसावा द्या. ऐकून मला हसूही येतं आणि रागही. आमच्या वस्तादांचं गणित सरळ होतं. काल जितक्या बैठका मारल्या, त्याहून आज एक तरी जास्त. आकडा चढायचा, उतरायचा नाही. ताप असो, सण असो, कुणी मयत असो. बैठका झाल्या की खोऱ्यानं हौदातली माती उकरायची. तेल, ताक, हळद घालून ती लोण्यासारखी करायची आणि मग तिच्यातच एकमेकांना लोळवायचं. पण त्यांची खरी करामत डाव शिकवण्यात होती. मला त्यांनी दोन वर्षं एकच डाव घोटायला लावला, ढाक. समोरच्याचा हात मानेवर पडला की तो काखेत आवळायचा, गर्रकन फिरायचं, पायाआड पाय घालायचा आणि त्याला पाठीवरून खाली आणायचा.

वस्ताद म्हणत, डोक्याला विचारून मारलेला डाव उशिरा पोचतो. म्हणून ते आम्हांला बेसावध गाठत. मी नळावर चूळ भरत असे, भाकरी मोडत असे, भिंतीला टेकून डुलक्या घेत असे, आणि मागून त्यांचा हात मानेवर पडे. हात काखेत गेला नाही तर शंभर जोर. सहा महिन्यांत मला शंभर जोरांची शिक्षा व्हायची बंद झाली. मला वाटलं मी हुशार झालो. खरं तर माझं अंग माझ्या हातातून गेलं होतं.

खुराकालाही असाच नियम. दूध उभ्यानं प्यायचं, एका दमात, पेला ओठापासून न हलवता. घोट घोट पिणाऱ्याचा दम छोटा राहतो, हे वस्तादांचं मत. आणि खुराक कुणाला वाटायचा नाही. पैलवानाच्या पेल्यातला घोट दुसऱ्याच्या पोटात गेला की तेवढी ताकद फुटते आणि ऐन फडात पाय लटपटतात, यावर सगळ्या तालमीचा विश्वास होता. वडिलांचा तर होताच. ते संध्याकाळी पाळी संपवून येत आणि मी पेला रिकामा करेपर्यंत अंगातला सदरासुद्धा काढत नसत.

लंगोट बांधला त्या दिवशी मला हौदातली माती उचलून शपथ घ्यायला लावली होती, की संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मोठी कुस्ती लढेपर्यंत तालीम सोडणार नाही. वडिलांनी पुढचं स्पष्ट सांगितलं होतं. चीत झालास तर लंगोट खुंटीला, तू साच्यावर आणि म्हशीचं दूध घराला. तेव्हा ती मला धमकी वाटली होती.

त्या वर्षी श्रावणात बहिणीला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उतरला, पण पोरगी उभी राहिना. वैद्यांनी नाडी बघून सांगितलं की हिला औषध नको, दोन वेळा पेलाभर दूध द्या. नेमकी तेव्हाच म्हैस आटत आलेली. दोन्ही वेळचं मिळून शेर-दीड शेर निघे, आणि तेवढा तर माझाच खुराक. आईनं एकदा विषय काढला. वडील कठोर नव्हते हो, पोरीला खांद्यावर घेऊन तेच वैद्याकडे गेले होते. पण ते म्हणाले, गड्डा तोंडावर आलाय, आता खुराक तोडला तर दोन वर्षांची मेहनत मातीत जाईल. गड्डा मारू दे, मग बघू. पोरीला जोंधळ्याच्या कण्या आणि वरणाचं पाणी चालू राहिलं.

मी चोरून देऊन पाहिलं. वडील यायच्या आधी पेला तिच्या तोंडाशी नेला, तर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"नगं, दादा. माज्यामुळं तू पडशील की."

तिला शपथ घातली, रागावलो, काही उपयोग झाला नाही. एवढीशी पोर, पण तालमीचा नियम माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळला होता. दोन दिवसांनी मी पेला ठेवून बाहेर आलो आणि विसरलेला पंचा घ्यायला मागे वळलो. बहीण माठापाशी बसली होती. रिकाम्या पेल्यात तिनं चुळकाभर पाणी घातलं, बोटानं कड पुसून घेतली, पेला हलवला आणि ते पांढुरकं पाणी पिऊन टाकलं. विसळणीत ताकद नसते, असा तिनं आपला हिशेब लावला असावा. मी पंचा न घेताच निघून गेलो. दुसऱ्या पहाटे माझ्या बैठका पहिल्यांदा चुकल्या.

पुढे मार्गशीर्षात आणखी एक झालं. मी उंबऱ्यावर बसून पायाला तेल चोळत होतो. बहिणीला त्या दिवशी जरा हुशारी वाटत होती. ती मागून आली आणि खेळात तिनं माझ्या मानेवर हात टाकला. मला कळायच्या आत तो हात काखेत आवळला गेला होता आणि मी अर्धा फिरलो होतो. तिच्या किंचाळण्यानं थांबलो. जोंधळ्याच्या वाळल्या ताटासारखा होता तो हात. मोडला नाही हे आमचं नशीब. ती रडत नव्हती, उलट मलाच समजावत होती की काही नाही झालं. मला माझ्याच हातांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वस्तादांना सगळं सांगितलं आणि निम्मा खुराक कमी करून द्या म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या दंडावर थाप मारली.

"ह्ये अंग आता तुज्या एकट्याचं न्हाय. तुज्या बाचं हाय, माजं हाय, तालमीचं हाय. तू फकस्त ते सांबाळायचं."

त्यांना ते मोठेपण वाटत होतं. मी मान खाली घालून त्या बुटक्या दारातून बाहेर पडलो. शपथ मोडता येत नव्हती, दूध देता येत नव्हतं, नाकारताही येत नव्हतं. एकच वाट उघडी होती आणि ती वडिलांनीच दाखवून ठेवली होती. मी ठरवलं, गड्ड्यात पडायचं. लाज चार दिवसांची. मग जन्मभर साचा, पण दूध घराला. असं ठरवल्यावर मला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

संक्रांतीच्या जत्रेत किल्ल्याजवळच्या मैदानात फड भरला. माझी जोड केमकडच्या एका धनगराच्या पोराशी लावली होती. चांगला उमदा गडी, माझ्याहून बोटभर उंच. हलगी कडाडत होती. मी मनाशी पाठ केलं होतं की दोन-चार मिनिटं खडाखडी करायची, पाठ द्यायची आणि सैल पडायचं. सुरुवात तशीच झाली. त्यानं रेटलं, मी मागे सरलो. वडील कडेला गुडघा धरून उभे होते, त्यांच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. अंग ढिलं सोडलं आणि म्हटलं, आता हा येईल.

त्यानं माझ्या मानेवर हात टाकला.

त्यानंतरचं मला सांगता येत नाही, कारण ते मी केलंच नाही. मला भान आलं तेव्हा मी वर होतो आणि तो खाली, त्याचे दोन्ही खांदे मातीला टेकलेले. तो माझ्याकडे चकित होऊन बघत होता. त्याला काय सांगणार, मीही तितकाच चकित झालो होतो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. वडील लंगडत धावत आले आणि माझ्या पायाची माती कपाळाला लावू लागले. मला रडू फुटलं. ते आनंदाचं आहे, असं धरून सगळे आणखी ओरडले. वस्तादांनी तिथंच जाहीर केलं की पुढच्या साली याची जोड याहून मोठी लागेल.

घरी आलो तर आईनं ओवाळलं. वडील खुशीत होते, म्हणाले, आज पेला पोरीच्या हातनं. "गड्डा मारू दे, मग बघू" हे त्यांचं बोलणं त्यांना आठवलं नाही, आणि आठवण करून द्यायचं धैर्य त्या गडबडीत ना आईला झालं, ना मला. बहीण भिंतीला धरत धरत आली. काठोकाठ भरलेला पेला, एक थेंब सांडू न देता. तिचे डोळे नुसते चमकत होते.

मी तेवढ्यात मनाशी पक्कं केलं. अर्धा प्यायचा आणि पोट भरलं म्हणून खाली ठेवायचा. नियम गेला खड्ड्यात, कुस्ती तर मारली होती. पेला ओठाला लावला. अर्ध्यावर थांबायचं, अर्ध्यावर थांबायचं, असं मी स्वतःला बजावत राहिलो. गळा मात्र दोन वर्षं शिकलेलंच करत होता. श्वास घ्यायला पेला खाली आणला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

बहीण हसली. पेला माझ्या हातातून घेऊन ती माठाकडे गेली आणि तिनं त्यात चुळकाभर पाणी घातलं.