फ्लेक्सवरचा हार

फोटो मीच दिला होता, हे आधी सांगून टाकते. माझ्या माहेरी, तिसगावातल्या कापड दुकानदाराला स्वातंत्र्यदिनाच्या सेलसाठी 'आमच्या जवानाला मानाचा मुजरा' असा फ्लेक्स लावायचा होता. माझा धाकटा भाऊ सीमेवर. मी सासरी, शहरात सावेडीला असते; तिथून त्याचा वर्दीतला फोटो लगेच मोबाईलवर पाठवला, भावालाही कळवलं. तो हसून म्हणाला, "मोठा लावा म्हणावं. आता वर चाललोय, चार-पाच दिवस रेंज नसेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी गावाकडून चुलतीचा फोन आला. "तू कधी निघतीस?" एवढंच विचारलं आणि हुंदका देऊन तिने फोन ठेवला. परत लावला तर उचलेना. भावाचा बंद. आईला लावायची हिंमत झाली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. एसटीत मी डोळ्यांसमोर काय काय पाहिलं ते लिहवत नाही.

तिसगावात उतरले आणि समोरच फ्लेक्स. भावाचा हसरा फोटो, भोवती झेंडूचा हार, खाली तेवती समई. असा फोटो आपल्याकडे कोणाचा लावतात हे शेंबडं पोरही सांगेल. खाली लोकांनी खरी फुलं वाहिली होती.

मी दुकानात शिरले. "दादा, तुम्हाला काही कळलंय का?"

"कशाचं?" तो गोंधळला. "हार व्हय? डिझाईनवाल्यानं शोभेसाठी टाकला. मान म्हनून."

असा राग आला की थोबाडीत द्यावी. पण त्याला काही कळलेलं नाही, म्हणजे भाऊ सुखरूप आहे असं थोडंच होतं? मी म्हटलं, आत्ता उतरवा. तो घाबरला. "ताई, लोक पाया पडत्यात. काढला तर म्हनतील जवानाचा अपमान केला."

मीच बाहेर येऊन दोरीला हात घातला. चार माणसं धावली. "बाई, जवानाचा फोटो हाय, हात लावू नका!"

"माझा भाऊ आहे तो."

सगळ्यांनी एकदम हात जोडले. "जिवंत आहे!" मी ओरडले, आणि माझाच आवाज मला खोटा वाटला. शेवटी दुकानदाराने हारावर आणि समईवर 'भव्य सूट'चे कागद डकवले.

घरी ओटीवर शेजारच्या बायका गप्प बसलेल्या. आई त्यांना चहा देत होती. तिला कोणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. मीही पदर खोचून कप भरू लागले. बायका गेल्यावर कप विसळता विसळता ती म्हणाली, "फ्लेक्स मी सकाळीच पाह्यलाय. रडाय बसले असते तर खरं झालं असतं. म्हनून चहा करीत राह्यले."

दोन दिवस ती तशीच कामं काढत राहिली. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मी फोटो दिला म्हणून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. भावाचाच. मी स्पीकरवर टाकला.

"आई, लावला का फोटो? कसा दिसतोय?"

"लई चांगला," आई म्हणाली. फोन माझ्या हातात देऊन ती भिंतीला टेकली आणि मग रडायला लागली.